रेल्वेच्या लाकडाचा ओटा

१२ मार्च १९८९, रविवार. जळगाव

ओटा आज पुरा झाला. शेवटची फळी दुपारी दोनच्या सुमारास बसली. उखर्डू मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली आणि पहिला चहा ओट्यावरच घेतला. मागच्या दारापासून कडुनिंबापर्यंत बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, जमिनीपासून दोन पायऱ्या वर. फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवली आहे, म्हणजे पावसाचं पाणी खाली जाईल.

हे लाकूड रुळांखालचं आहे. भुसावळला आता सिमेंटचे स्लीपर घालतात, जुने लाकडी लिलावात निघतात. यांनी चौतीस वर्षं रुळांच्या देखभालीत काढली, त्यामुळे लिलावाच्या दिवशी हे लग्नाला निघाल्यासारखे कपडे करून गेले. रेल्वेचं लाकूड खोटं निघायचं नाही, असं म्हणत वखारीत उभं राहून एकेक स्लीपर चिरून घेतला. खिळ्यांची भोकं मिस्त्रींनी सागाच्या खुंट्या ठोकून बुजवली आहेत. यांना सगळे नाना म्हणतात, म्हणून गल्लीत ओट्याचं नाव ‘नानांचा प्लॅटफॉर्म’. समोरच्या कमलबाई आज कुंपणावरून विचारत होत्या, भुसावळ पॅसेंजर किती वाजता लागते इथं.

हसू देत. ओटा कशासाठी आहे हे मला माहीत आहे.

भुसावळच्या क्वार्टरला मागं अशीच फळ्यांची पडवी होती. आमचे वडील, दादा, इंजिन चालवायचे. त्यांच्या गाडीची वेळ झाली की आई पडवीच्या कडेला पाय सोडून बसायची आणि आम्हा दोघींच्या वेण्या घालायची. मी वरच्या पायरीवर, धाकटी बेबी खालच्या. त्या फळ्यांचा रंग उकळलेल्या चहासारखा होता. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलची जमीनही त्याच रंगाची. शनिवारी सिस्टर आम्हा मुलींकडून तिला मेण घासून घेत, आणि मी गुडघ्यांवर बसून मनात म्हणत असे की ही आमची पडवीच आहे.

दादा गेल्यावर आई चार दिवस म्हणून धुळ्याला बेबीकडे गेली. त्या चार दिवसांना सहा वर्षं झाली. आम्हाला भाऊ नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या साऱ्या लेकी माहेरी जातात, आणि आई असेल तिथं माहेर. म्हणजे सहा वर्षं माझं माहेर माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात आहे. हे मला सहन होत नाही, एवढं इथं लिहायला हरकत नाही.

यंदाची आखाजी आठ मेला आहे. तोपर्यंत ओट्याला तो रंग चढला पाहिजे, आणि आई त्यावर बसली पाहिजे. मग ती जाणार नाही.

१६ मार्च, गुरुवार

ओट्याबद्दल लिहिलं होतं, त्याचं बेबीचं उत्तर आलं. तीन पानं. तिचं अक्षर पूर्वी सिस्टर सगळ्या वर्गाला दाखवायच्या, आता घाईत खरडल्यासारखं असतं. वकिलाची बायको, वेळ नसेल.

लिहिते, “आई रात्र रात्र माझ्याशी बोलत बसते, मला डोळा मिटू देत नाही.” आणखी लिहिते, “आता ती माझ्याच हातानं जेवते, दुसऱ्या कुणी घास दिला तर तोंड फिरवते.” आणि शेवटी, “परवापासून मलाच आई म्हणायला लागली आहे. अक्का, तू आठ दिवस येऊन राहा गं.”

मी पत्र दोनदा वाचलं. माझ्याशी आई रात्रभर कधी बोलली? मला आठवतं ते एवढंच, की झोप आता, उद्या शाळा आहे. आणि हे सगळं बघायला मी आठ दिवस येऊन राहायचं. बेबीच्या घरातल्या सागवानी झोपाळ्यावर बसलेल्या दोघींना समोरच्या खुर्चीवरून बघायचं.

मी धुळ्याला शेवटची गेले ती मागच्याच्या मागच्या दिवाळीत. चप्पल काढत होते तोवर आईनं विचारलं, तू कधी निघणार? जेवताना परत तेच. संध्याकाळी परत. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी पिशवी उचलली आणि पारोळ्याची बस धरली. तिथून मिळेल त्या गाडीनं घर गाठलं. बेबी फाटकापर्यंत मागं आली होती, काहीतरी सांगत. मी ऐकून घेतलं नाही.

पत्राच्या खाली ताजा कलम आहे. आमच्या झोपाळ्याचा पॉलिशवाला तोताराम जळगावलाही कामं घेतो, त्याच्याकडूनच करून घे, आणि घाई करू नकोस.

म्हणजे माझ्या ओट्याचा रंगसुद्धा बेबीच ठरवणार.

२४ मार्च, शुक्रवार

यांनी मला न विचारता तोतारामला बोलावलं. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. खांद्यावर पिशवी, नखं लाखेनं कायमची तांबडी झालेली. उखर्डू मिस्त्रीही आले होते, आपल्या कामाला कोण नाव ठेवतो ते बघायला.

तोतारामनं रंगाचा विषयच काढला नाही. प्रत्येक फळीच्या कडेची बारीक ढलपी पटाशीनं काढून नाकाशी नेली. एक फळी, दुसरी फळी, पुजाऱ्यासारखा. मिस्त्री म्हणाले, चावूनही बघ. त्यानं खरंच एक चावली आणि थुंकली. मग खडूनं सात फळ्यांवर फुल्या मारल्या. बाकीचं साग आहे म्हणाला, सोनं आहे. या सात फळ्या हलक्या पहाडी लाकडाच्या. ते लाकूड रुळाखाली टिकावं म्हणून रेल्वे त्याला डांबरतेलात शिजवून काढते.

“बाई, येन्हा पोटमा डांबर शे,” तो म्हणाला. “ऊन लागनं का बठ्ठं वर येई.”

त्याचं म्हणणं असं की ऊन लागलं की पोटातलं सगळं डांबर वर येईल, म्हणून या सात फळ्या तरी काढा, नाहीतर सबंध ओटा दोन उन्हाळे तसाच उघडा राहू द्या. लाकडाला घाम येऊ द्यायचा, दर आठवड्याला भुसा आणि रॉकेलनं पुसायचा. घाम यायचा थांबला की मग तेल, मग रंग. फळ्या काढायचं ऐकून यांचा चेहरा पडला. रेल्वेच्या लाकडात दोष निघाला म्हणजे जणू यांच्या खानदानात निघाला.

मी म्हटलं, मला आखाजीला हवाय. दोन उन्हाळे थांबायला आई त्र्याऐंशीची आहे.

त्यानं पटाशी पिशवीत टाकली. मग म्हणाला, “रंग काय, लाई दिसू. पन नाव मनं जाई.” म्हणजे रंग लावून देईन, पण नाव माझं खराब होईल.

तरीही मी बहुतेक ऐकलं असतं. पण चहा पिताना त्यानं धुळ्याच्या वकीलबाईंचं कौतुक सुरू केलं. त्या बाईंना घाई नसते, झोपाळ्याला सहा महिने थांबल्या. काय त्यांची सेवा, म्हाताऱ्या मायला रोज स्वतः झोका देतात. मागच्या महिन्यात त्याच्याकडूनच झोपाळ्याला पुढून आडवी पट्टी बसवून घेतली, लहान बाळाच्या पाळण्याला असते तशी. मायला कडेवर घेतल्यासारखं उचलून बसवतात आणि पट्टी लावतात, असं तो सांगत होता. लाडांना काही सीमा असते.

मी कप उचलले आणि सांगितलं, विचार करून कळवते.

२५ मार्च, शनिवार

कळवलं. तोताराम नको. उखर्डू मिस्त्रींच्या ओळखीत फर्निचरचं काम करणारा चुडामण म्हणून आहे, तो अक्रोडी रंगाचा तयार डबा आणून महिन्याभरात काम करून देतो. मिस्त्री खुशीत आहेत. म्हणतात, तो धुळ्याचा माणूस लाकडाला आजारी पाडून मग औषध देतो.

हे पेपरात डोकं घालून बसले. पेपर उलटा धरला होता.

९ एप्रिल, रविवार

हे काल धुळ्याला गेले होते, एका जुन्या सोबत्याच्या पेन्शनच्या कामाला. मी सांगितलं नव्हतं तरी बेबीकडे डोकावून आले. रात्री परतले. मी विचारलं, आई कशी आहे? म्हणाले, बरी आहे, मला स्टेशनमास्तर समजून तिनं गाडीची वेळ विचारली. मी हसले. आई पहिल्यापासून यांची थट्टा करते.

मग म्हणाले, बेबी फार बारीक झाली आहे.

या वयात. मी पायऱ्या चढताना दमते, माझ्या बांगड्या मनगटात रुततात, आणि ती बारीक झाली आहे. लहानपणीही घागरा तिलाच शोभायचा. आई मला म्हणायची, तुझी हाडं दादांची आहेत.

संध्याकाळी यांनी परत विषय काढला. “तू एकदा जाऊन ये. ओट्याचं राहू दे, नुसती जाऊन ये.” मी म्हटलं, तुम्हालाही पुरणपोळी खाऊ घातली वाटतं तिनं. ते म्हणाले, नाही, चहासुद्धा मीच केला. आणि फिरायला निघून गेले.

म्हणजे जावयाकडून चहा करून घेतला. इतक्या थाटात राहते.

१७ एप्रिल, सोमवार

चुडामणनं रंग लावायला घेतला आहे. आधी पॉलिशपेपरनं घासलं, मग चिंधीनं अक्रोडी रंगाचे दोन हात. आज मी दिवसभर मागच्या दारात बसून होते. कोरडी फळी आधी रंग पिते, फिकी पडते, मग हळूहळू आतून गडद होत येते. पहिली फळी वाळल्यावर मी तिच्यावर तळवा ठेवला आणि मला एकदम दादांच्या डब्याचा, कोळशाचा, ओल्या घोंगडीचा वास आला. चुडामण बघत होता म्हणून मी पदरानं घाम पुसल्यासारखं केलं.

अजून वॉर्निशचे तीन हात आहेत. फुल्या मारलेल्या सात फळ्या आता कुठल्या ते ओळखूही येत नाहीत.

२२ एप्रिल, शनिवार

झाला. काय दिसतो, काय सांगू. दुपारी कडुनिंबाची सावली त्यावर पाण्यावर पडावी तशी पडते. कमलबाई चप्पल हातात घेऊन वर आल्या आणि त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. आज प्लॅटफॉर्म म्हणाल्या नाहीत.

मी धुळ्याला फोन लावला. बेबीनं उचलला तेव्हा मागं आई मोठ्यानं कुणाला तरी हाका मारत होती. मी सांगितलं, ओटा तयार आहे, आखाजीला आईला पाठव, इथून पुढं ती माझ्याकडे राहील. सहा वर्षं मी हे वाक्य मनात घोकत होते. मला वाटलं होतं ती रडेल, अडवेल, आईला करमणार नाही म्हणेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

बेबीनं मला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग म्हणाली, “खरंच ठेवशील, अक्का?”

इतक्या सहज. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी वाटलं, हिला आईची किंमत नाही. जे मी सहा वर्षं मागत होते ते तिनं जुनी साडी द्यावी तसं देऊन टाकलं. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, दारांना वरच्या बाजूला कड्या आहेत का बघ, नसल्या तर बसवून घे. तिच्या घरी आहेत म्हणून माझ्याही घरी हव्यात. मी बरं म्हटलं. बसवणार नाही.

३० एप्रिल, रविवार

पारा चव्वेचाळीसवर. आईसाठी खिडकीशी पलंग लावला, पांढरी चादर घातली. ओट्यावर अजून कुणाला बसू दिलेलं नाही. यांनाही नाही. आधी आई बसेल.

५ मे, शुक्रवार

सकाळी कैऱ्या वाळत घालायला ओट्यावर गेले तर पाय उचलेना.

सात फळ्या. बरोबर त्या सात. वॉर्निश पापडासारखं फुगलं आहे आणि प्रत्येक फोडातून काळं डांबर वर आलं आहे. काही ठिकाणी ओघळून शेजारच्या चांगल्या फळीवर गेलं. चपला तिथंच चिकटल्या, मी अनवाणी परत आले. पंचेचाळीस अंशांत लाकूड जे पोटात ठेवून होतं ते सगळं बाहेर आलं आहे.

चुडामणला निरोप पाठवला, तो रावेरला केळीच्या व्यापाऱ्याचं दुकान सजवायला गेला आहे. उखर्डू मिस्त्री आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, बाई, बसवलं आम्ही सरळच होतं. ते खरं आहे.

सगळ्यात वाईट हे वाटलं की बेबी बघेल.

६ मे, शनिवार

हे पहाटे उठून तोतारामला घेऊन आले. मला वाटलं तो मला सुनावेल. त्यानं पिशवी खाली ठेवली, वाकून फोड पाहिले, आणि आधी प्यायला पाणी मागितलं. मग खरवडायला बसला. डबाभर डांबर निघालं. वर भुसा आणि राख पसरली, कडेनं काथ्याची दोरी बांधली. म्हणाला, निदान पावसाळ्यापर्यंत यावर कुणी पाय ठेवू नका. पुढच्या उन्हाळ्यातही त्याला घाम येईल, येऊ द्या.

मी विचारलं, उद्या माझी आई येते, तिला काय सांगू?

“तुमनी माय?” तो म्हणाला. “तीच ना, धुयानी वकीलबाईकडनी?” मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाला की तिला सांगायचं काही काम नाही बाई, नुसता हात धरून ठेवा.

मला ते उद्धट वाटलं. पैसे घ्यायला थांबला नाही, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

७ मे, रविवार

हे सावकाश लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

अकराच्या सुमारास गिरधररावांची, म्हणजे बेबीच्या यजमानांची, गाडी आली. त्यांच्याकडे धुळ्यात एक पक्षकार यायचा होता, दोघींना उतरवून ते लगेच परत फिरले. आधी बेबी उतरली. मी तिला ओळखलं, पण ओळखायला एक क्षण जास्त लागला. केस सगळे पांढरे. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. तिनं आईला उतरवलं, माझ्या हातात तिचा हात दिला, आणि म्हणाली, “अक्का, मी जरा आडवी होऊ?” मी हो म्हणायच्या आत ती आईसाठी घातलेल्या पलंगावर पडली होती. चप्पलही काढली नव्हती. मी तिच्या चपला काढायला वाकले, तेवढ्यात आईचा हात सुटला.

आई घरातून सरळ मागच्या दाराकडे गेली, जशी काही या घरात रोज राहते. दाराला वर कडी नव्हती. मी पोचले तेव्हा ती दोरी ओलांडून ओट्याच्या पार कडेला जाऊन बसली होती, पाय खाली सोडून. भर उन्हात. राखेतून तिच्या पावलांचे काळे ठसे उमटले होते. लुगड्याचा काठ फळीला चिकटला होता. मी तो सोडवला तेव्हा टर्रकन आवाज झाला.

तिला उठवून सावलीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलं. तळपाय काळे झालेले. डांबर पाण्यानं निघत नाही. मी वाटीत शेंगदाण्याचं तेल घेतलं, जुनं मऊ धोतर फाडलं, आणि तिचे पाय मांडीवर घेऊन पुसायला लागले. तिची पावलं केवढीशी झाली आहेत. टाचांच्या भेगांतून डांबर काढायला काडी वापरावी लागली. तिला गुदगुल्या होत होत्या.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “तुम्ही कुणाच्या, बाई?”

मला वाटलं थट्टा करते. म्हटलं, तुझीच. ती हसली. क्वार्टरमध्ये साहेबांची बायको आली की हसायची तशी, तोंडापुरतं. म्हणाली, “उगीच पाय धरताय माझे. तुमची कामं खोळंबली असतील.”

मी खाली बघून पुसत राहिले.

“माझी मोठी इथंच असते,” ती म्हणाली. “जळगावला. सुगंधा. तिनं माझ्यासाठी लाकडाचा ओटा केलाय. बेबी मला तिची पत्रं वाचून दाखवते. सगळी.” मग वाकून, बायका कानात सांगतात तसं म्हणाली, “ती येत नाही हो. मी काहीतरी बोलले असेन तिला. काय बोलले ते आठवत नाही मला. तुम्ही ओळखता का?”

मी म्हटलं, थोडी ओळखते.

“बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“तिला सांगा, मी वेळ विचारत होते ती एवढ्यासाठी, की जायच्या आत तिची वेणी घालायची होती.”

डावा पाय झाला होता. मी उजवा घेतला.

८ मे, सोमवार. आखाजी

पुरणपोळी आणि आमरस केला. समोर कमलबाईंच्या लेकी आल्या आहेत, चिंचेला झोका बांधून गाणी म्हणतात. आई खिडकीत बसून ताल धरत होती.

बेबी काल दुपारी झोपली ती आज सकाळी दहाला उठली. उठली आणि आधी घाबरून पलंगावर चाचपडली. मी सांगितलं, आई इथं आहे, माझ्याजवळ. तेव्हा ती परत आडवी झाली.

मग मी तिची पत्रं काढली. दोन वर्षांची, एकूण एकतीस. सगळं लिहिलेलं होतं. आई रात्रभर झोपत नाही. आई घराबाहेर पडली, चाळीसगाव रोडवर सापडली. आई घास धरून बसते, गिळायचं विसरते. मी यातली प्रत्येक ओळ वाचली होती आणि प्रत्येक ओळीवर मला राग आला होता. मी बेबीला विचारलं, सरळ का नाही लिहिलंस, मला जमत नाही म्हणून? ती पुरण वाटत होती. म्हणाली, “तुला येऊन राहा म्हणत होते ना, दर पत्रात.”

मी पोळीचा उंडा भरत राहिले. जरा वेळानं म्हणाली, “आणि आईजवळ मी नेहमी तू येणार आहेस असंच म्हणायची. तेवढ्यावर ती एखादा दिवस शांत असायची.”

जेवताना आई बेबीच्याच हातानं जेवली. मी घास पुढं केला तर तोंड फिरवलं. बेबीला म्हणाली, आई, या बाईंना सांग, माझं पोट भरलं. मला तेव्हाही बेबीचा हेवा वाटला. सगळं कळल्यावरसुद्धा. हे लिहून ठेवते, म्हणजे मी एका दिवसात शहाणी झाले असं मला कधी वाटायचं नाही.

यांनी संध्याकाळी बाजारातून दोन कड्या आणल्या आणि दारांना वर बसवल्या.

११ मे, गुरुवार

बेबी आई जेवताना मला शेजारी बसवते. घास लहान करायचा, आधी आपण तोंड हलवून दाखवायचं, मग ती गिळते. केस विंचरताना तिच्या समोर आरसा ठेवायचा नाही, तिथं कोण म्हातारी बसली आहे म्हणून घाबरते. मी सगळं वहीत लिहून घेतलं. बेबी म्हणाली, शाळेतल्यासारखं लिहू नकोस गं. आम्ही दोघी खूप हसलो. आईही हसली, आम्हाला बघून.

आज दुपारी आईनं माझ्या हातचे चार घास घेतले. मी मोजले.

१४ मे, रविवार

बेबी सकाळच्या बसनं गेली. ठरल्याप्रमाणे आईला सांगितलं नाही. मी स्टँडवर पोचवायला गेले तेव्हा बस सुटेपर्यंत ती खिडकीतून सूचना देत होती, दुधात साखर जास्त लागते, ऊन उतरल्यावर ती घरी जायचं म्हणते तेव्हा नाही म्हणू नकोस, चप्पल शोधू या म्हण. बस एरंडोलकडे वळल्यावर मी तिथल्या बाकावर बसले. सहा वर्षं मला वाटत होतं, बेबीनं आईला माझ्यापासून तोडलं. तिनं रोज माझी पत्रं वाचून मला तिथं जिवंत ठेवलं होतं. मी तिच्या जागी असते तर असं केलं असतं का, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही.

तोताराम येऊन गेला. सातही फळ्या यांनी स्वतः उचकटायला सांगितल्या, रेल्वेच्या असल्या तरी. ओट्यात आता सात खाचा आहेत. चांगल्या फळ्यांवरचं वॉर्निश तो खरवडून काढतो आहे, खालचं लाकूड पांढुरकं, उघडं दिसतं. तोताराम म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मी बरं म्हटलं.

ऊन उतरल्यावर आईला ओट्याच्या चांगल्या बाजूला नेऊन बसवलं. मी खालच्या पायरीवर बसले. वाटलं होतं तिला काहीतरी आठवेल. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस पांढरे बघून काढून घेतला, आणि माफ करा म्हणाली.

मग बेबीला शोधायला लागली. मी म्हटलं, ती घरी गेली, तिला जरा विश्रांती हवी होती. आईचा चेहरा रडवेला झाला. मलाही निघायला हवं म्हणाली. मी चप्पल शोधू या म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, “सुगंधा यायची आहे ना?”

ती थांबली.

“येणार आहे?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की येणार आहे.”

तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी आयुष्यभर बघायला तरसले होते. ते मला बघून नव्हतं. त्या दुसरीसाठी होतं, जी अजून आलेली नाही, जी तिच्यावर रागावलेली नाही, जिची वेणी घालायची राहिली आहे. बेबीचा मी जन्मभर हेवा केला, पण त्या दुसरीचा वाटला इतका कधी नव्हता.

आईनं पदर सावरला, पाय खाली सोडले आणि नीट बसली.

“मग मी थांबते इथं, ती येईपर्यंत,” म्हणाली. “तुम्हाला अडचण तर नाही ना होणार?”

“नाही,” मी म्हटलं. “थांबा तुम्ही.”

आणि भात टाकायला आत आले.